तुळशीसाठी सोडियमचा दिवा, ट्यूबलाइट की एलईडी?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंच्या गॅलरीसमोर, पूर्वेला, बारा मजली इमारत उभी राहिली आणि सकाळचं ऊन बंद झालं. दोन वर्षांत तुळशीची तीन रोपं गेली. कढीपत्त्याची नुसती काठी उरली आहे. कोथिंबीर उगवते आणि आडवी पडते. नर्सरीवाले म्हणाले ४०० वॉटचा सोडियमचा दिवा लावा, भाचा म्हणतो जांभळ्या एलईडीचं पॅनल पाठवतो, आणि टोरांटोला असलेली बहीण सांगते की तिच्या तळघरात ट्यूबलाइटखाली कढीपत्ता हिवाळाभर तगून राहतो. घ्यायचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, कारणांआधी उत्तर देते. घरात भिंतीवर लावतो तीच साधी पांढरी एलईडीची पट्टी घ्या. दोन फुटी, १० वॉटची, अशा चार. सोडियमचा दिवा घेऊ नका. भाच्याला जांभळं पॅनल पाठवू नको म्हणून कळवा. आणि कढीपत्ता दिव्याखाली आणायचा विचार सोडून द्या, त्याचं पुढे सांगते.

मी २२ वर्षं टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काढली, बहुतेक काम केळीच्या रोपांचं. तिथे रोपं बाटलीत वाढतात, खोलीला खिडकी नसते, आणि सूर्य म्हणजे रॅकवर लावलेले दिवे. १६ तास उजेड, ८ तास अंधार, तापमान २५ अंशांच्या आगेमागे. दिव्यात काही चुकलं तर ते भरून काढायला बाहेरचं ऊन नसतं, म्हणून मला दिव्यांकडे बारकाईने बघायची सवय लागली.

मी कामाला लागले तेव्हा सगळीकडे ४० वॉटच्या जाड ट्यूब होत्या, तांब्याच्या चोकवर चालणाऱ्या. चोक प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला बसवलेले. सकाळी रॅकसमोर उभं राहिलं की कोणत्या बाटल्या बरोबर चोकच्या वर आहेत ते लांबूनच कळायचं. त्या आतून धुक्याने भरलेल्या असायच्या, झाकणाला थेंब लोंबत असायचे, आणि आतली पानं काचेसारखी, फुगीर, हात लावला तर मोडणारी. वीतभर बाजूच्या बाटल्या मात्र ठणठणीत. रोपं ज्यात वाढतात ते माध्यम एकच, लावणी एकाच दिवशीची, लावणारा हातही एकच. फरक एवढाच की या बाटल्या बुडातून कोमट होत होत्या. शेवटी सगळे चोक खोलीबाहेरच्या भिंतीवर काढले आणि तो प्रकार थांबला. एसीचाही भार कमी झाला, कारण दिव्यात नि चोकमध्ये गेलेली वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उतरते, आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीजच लागते.

तेव्हापासून दिवा निवडताना मी दोनच गोष्टी बघते. पानावर उजेड किती पडतो, आणि त्या उजेडाबरोबर ताप किती येतो.

आधी उजेडाचं. पानाला वॉट कळत नाहीत. वॉट म्हणजे मीटरमधून किती वीज गेली, त्यातला किती भाग पानाच्या उपयोगाचा झाला हे त्यातून समजत नाही. झाडाच्या कामाचा उजेड म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, जांभळ्यापासून लालपर्यंतचा, आणि तो मोजतात मायक्रोमोलमध्ये: एका चौरस मीटरवर सेकंदाला प्रकाशकण किती पडले. भर दुपारचं मोकळं ऊन सुमारे २००० मायक्रोमोलचं, म्हणजे १ लाख लक्सच्या घरात (लक्स म्हणजे आपल्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप). तुमच्या खोलीत खिडकीपासून चार-पाच फूट आत दिवसा जेमतेम ५०० ते १००० लक्स असतील. आपल्याला तिथे आरामात पेपर वाचता येतो, म्हणून वाटतं की उजेड भरपूर आहे. डोळ्याची बाहुली मोठी होऊन कमी उजेड सावरून घेते, पानाला तशी सोय नाही. तुळस तिथे उपाशीच असते.

आता एका वॉटमागे कोणता दिवा किती देतो ते बघू. जुना पिवळा बल्ब नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवतो, त्यामुळे तो बादच. ट्यूबलाइट आणि सीएफएल एका वॉटला सेकंदाला साधारण एक मायक्रोमोल किंवा थोडं कमी देतात. ४०० वॉटचा सोडियमचा दिवाही जवळपास तेवढाच. मोठ्या हरितगृहांतले १००० वॉटचे, दोन टोकांचे सोडियम दिवे १.७ पर्यंत जातात, पण ते घरात टांगायचे नाहीतच. साधी घरगुती पांढरी एलईडी १.४ ते १.५ देते आणि खास बागायतीसाठी बनवलेली चांगली एलईडी अडीचच्या वर जाते. म्हणजे ‘एलईडी गार असते’ हे अर्धंच खरं. एक वॉट कुठेही जाळला तरी उष्णता तेवढीच. एलईडीला त्याच उजेडासाठी वॉट कमी लागतात, आणि तिची उष्णता मागच्या पत्र्यातून वर जाते, सोडियमसारखी किरणांबरोबर थेट पानावर येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

मी चार पट्ट्या का म्हणाले त्याचा हिशेब. दोन फुटी १० वॉटची पट्टी साधारण १००० ल्यूमेन, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, देते. चार पट्ट्या दोन फूट लांब, एक फूट रुंद फळीवर शेजारी शेजारी लावल्या आणि झाडाचा शेंडा वीतभर, म्हणजे २० ते २२ सेंटिमीटर खाली राहिला, तर शेंड्याजवळ १२ हजार लक्सच्या आसपास मिळतात. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागलं की मायक्रोमोल निघतात, म्हणजे १७० ते १७५. रोज १४ तास दिवा लावला तर दिवसभराची बेरीज ९ मोलच्या जवळ जाते (१ मोल म्हणजे १० लाख मायक्रोमोल). तुळशीला १२ किंवा त्याहून जास्त मिळालं तर ती खुलते, पण तुमची फळी खिडकीला लागून असली तर बाहेरचा आडवा उजेड थोडी भर घालतोच. ९ मध्ये तुळस हिरवी राहते, नवे फुटवे काढते, पूजेपुरती पानं देते. कोथिंबीर आणि मेथीचा ट्रे दोन पट्ट्यांवरही निघतो. वीज म्हणाल तर ४० वॉट, १४ तास, ३० दिवस: जवळपास १७ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला १७० रुपये.

हाच हिशेब सोडियमचा करा. ४०० वॉटचा दिवा चोकसकट ४४० च्या आसपास खातो. १४ तासांचे दिवसाला सहा युनिट, महिन्याचे १८५. त्याच दराने १८५० रुपये, आणि घरगुती बिल वरच्या टप्प्यात गेलं तर आणखी जास्त. पैसे बाजूला ठेवले तरी उन्हाळा आहे. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ३८-४० ला जातो, त्यात बंद गॅलरीत हा दिवा म्हणजे शेगडी पेटती ठेवण्यासारखं. तो तीन फूट वर टांगावा लागतो, नाहीतर पानं करपतात, आणि तीन फुटांवरून त्याचा बराचसा उजेड कुंडीपेक्षा फरशीवर आणि भिंतीवर पडतो. नर्सरीवाल्यांचा हेतू वाईट नाही. हा दिवा पुष्कळ उजेड देतो हे खरंच आहे, तो मोठ्या जागेसाठी आहे एवढंच. नेदरलँड्सच्या काचेच्या हरितगृहांत हिवाळ्यात हेच दिवे वर्षानुवर्षं चालले, कारण तिथे त्यांची उष्णताही कामाला यायची. वनस्पतींच्या दिव्यांविषयी जे वाचायला मिळतं त्यातलं पुष्कळसं अशा थंड मुलखांत लिहिलेलं असतं. वाचताना तिथलं हवामान डोक्यात ठेवा.

बहिणीचं म्हणणंही असंच तिच्या जागेवर बरोबर आहे. टोरांटोच्या हिवाळ्यात बाहेर कढीपत्ता एक रात्र जगणार नाही. तळघरात घराची ऊब असते आणि ट्यूबच्या उजेडात झाड कसंबसं श्वास धरून राहतं. तिथे ते वाढत नाही, थांबून राहतं, आणि मे-जूनमध्ये बाहेर काढलं की फुटतं. तिला फक्त तगवायचं आहे. तुम्हाला रोजच्या फोडणीसाठी पानं तोडायची आहेत. गरज वेगळी, म्हणून दिवाही वेगळा. तिच्याकडच्या ट्यूब चालू आहेत तोवर खुशाल चालू द्याव्यात. फक्त टोकं काळी पडायला लागली की ट्यूब पेटली तरी उजेड उतरलेला असतो. आम्ही प्रयोगशाळेत ट्यूब जायची वाट बघत नसू, वर्ष-सव्वा वर्षाने बदलून टाकत असू.

पण आज नवीन ट्यूबची पट्टी विकत घेऊ नये. ट्यूबमध्ये पारा असतो, आणि पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं आहे. भारत २०१८ पासून या करारात आहे. दोन-तीन वर्षांनी बदलायला ट्यूब शोधत फिरावं लागेल. घरात जुनी ट्यूब फुटलीच तर केरसुणीने झाडू नका, त्याने पारा पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर पाठवा, जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने पुसून घ्या आणि सगळं पिशवीत बांधून ठेवा.

आता जांभळ्या पॅनलचं, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, ही गोष्ट खरी. त्यावरून झाडाला हिरवा उजेड लागतच नाही, तेव्हा फक्त लाल-निळे दिवे लावा, असा निष्कर्ष काढला गेला, आणि तो चुकीचा आहे. १९७२ मध्ये कीथ मॅक्री यांनी २२ प्रकारच्या पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा उजेड टाकून मोजमाप प्रसिद्ध केलं. लाल सगळ्यात पुढे होता, पण हिरव्या उजेडावरही पानं चांगली काम करत होती. हिरवा उजेड पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो, लाल-निळा वरच्या थरातच अडकतो. शिवाय पांढरी एलईडी मुळात निळाच दिवा आहे, ज्यावर पिवळसर पावडरीचा थर दिला की बाकीचे रंग मिळतात. निळी एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते यासाठीच. म्हणजे साध्या पट्टीत रोप आटोपशीर ठेवणारा निळा उजेड आहे आणि लालही आहे. पट्टीवर ६५०० के (पांढराशुभ्र उजेड) लिहिलेली घ्या किंवा ४००० के (किंचित पिवळसर), पानांसाठी दोन्ही चालतात.

जांभळ्याची खरी अडचण मला वेगळीच वाटते. त्यात झाड दिसत नाही. आम्ही एका रॅकवर तसं पॅनल लावून पाहिलं होतं. विकणाऱ्याने १००० वॉटचं म्हणून दिलेलं ते पॅनल मीटरवर ११० वॉट दाखवत होतं, ते एक असो. त्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं आणि पिवळं पडलेलं पान गुलाबी. त्याच रॅकच्या बाटल्यांमध्ये खोडाच्या बुडाशी जिवाणूंचं दुधाळ वर्तुळ धरायला लागलं होतं. चार दिवस आम्ही रोज समोरून जात होतो आणि कुणालाही ते दिसलं नाही. एक बाटली कामासाठी बाहेरच्या पांढऱ्या उजेडात नेली तेव्हा लक्षात आलं, आणि तोवर अर्धी फळी गेली होती. तुमच्या तुळशीवर मावा बसला, पानांवर बारीक ठिपके आले, शेंड्याचा रंग उतरला, तर ते पहिल्या दोन दिवसांत दिसलं पाहिजे. घरातल्या कुणालाही त्या जांभळ्या उजेडात बसून बरं वाटत नाही, ही गोष्टही काही लहान नाही.

उजेड मोजायला महागडं यंत्र नको. फोनवर लक्स मोजणारं ॲप मिळतं. फोनचा सेन्सर अगदी अचूक नसतो, पण ही जागा की ती, वीतभर की दोन वीत, हे ठरवायला पुरतो. फोन शेंड्याच्या उंचीवर आडवा धरा, स्क्रीन वरच्या बाजूला. जांभळ्या दिव्याखाली मात्र हे आकडे अजिबात धरू नका, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे आणि डोळ्याला लाल-निळं फार कमी दिसतं. तापासाठी आमची जुनी रीत: हाताची पालथी बाजू शेंड्याच्या उंचीवर अर्धा मिनिट धरायची. ऊब जाणवली तर दिवा वर घ्यायचा.

कढीपत्ता हे मुळात झाड आहे, कुंडीतलं रोप म्हणून आपण त्याला लहान ठेवतो. त्याला पोटभर ऊन द्यायचं तर चाळीस वॉटने भागणार नाही, आणि पुण्यासारख्या ठिकाणी वर गच्चीत फुकटचं ऊन पडत असताना त्यासाठी वीज जाळणं मला पटत नाही. सोसायटीची परवानगी घेऊन कुंडी गच्चीवर ठेवा आणि काठी नखाने खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर पावसाळ्यापर्यंत फुटेल. मनी प्लांट, स्नेक प्लांट यांच्यासाठी पट्ट्याही नकोत. ९ वॉटचा साधा बल्ब टेबललॅम्पमध्ये फूटभरावर ठेवला की दीड-दोन हजार लक्स मिळतात, त्यांना तेवढं बास होतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. तुमच्या तीन तुळशी नुसत्या अंधाराने गेल्या असं मला वाटत नाही. ऊन होतं तेव्हा रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत असणार, आणि ऊन गेल्यावरही तेवढंच घालत राहिला असाल. कमी उजेडात झाड पाणी कमी पितं. माती सतत ओली राहते, मुळं कुजतात, आणि वरून पानं माना टाकतात तेव्हा आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आणखी पाणी. दिवे लावल्यावरही हे जपा. रोजचा नेम मोडू नका, पळीभर पाणी वाहा. भरपूर पाणी मात्र बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. मंजिऱ्या दिसल्या की खुडत चला, नाहीतर झाडाची सगळी ताकद बियांत जाते आणि ते लवकर म्हातारं होतं.

दिवा १४ तासांवर ठेवा, २४ तास कधीच नको. बोर्डात लावायचा साधा टायमर मिळतो, सकाळी सहा ते रात्री आठ लावून टाका. त्याच फळीवर शेवंती ठेवण्याचा मोह झाला तर ठेवू नका. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते, १४ तासांच्या उजेडात ती नुसती पानंच काढत राहील. फूलशेती करणारे शेतकरी याच गुणाचा उपयोग करून रात्री शेतात दिवे लावतात आणि शेवंतीचा फुलोरा हवा तेव्हापर्यंत लांबवतात.

जोडणी वायरमनकडून करून घ्या. पाणी आणि वीज शेजारी येणार आहेत, म्हणून अर्थिंग नीट असायला हवं आणि घरात ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. बोर्ड कुंडीच्या पातळीच्या वर हवा, आणि वायर बोर्डात शिरण्याआधी थोडी खाली झोका देऊन आणायची, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकतं, आत जात नाही. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर पाणी न शिरणारी, आयपी ६५ लिहिलेली पट्टी घ्या. एलईडी जाते ती बहुतेक वेळा दिव्यामुळे नाही, आतल्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे तिला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या भागामुळे, आणि ड्रायव्हरला दमट हवा आणि विजेचे झटके दोन्ही सोसत नाहीत. पट्टी फळीला घट्ट चिकटवू नका, बोटभर जागा सोडून टांगा म्हणजे मागून वारा खेळेल. टांगायला साखळी वापरा, झाड वाढेल तशी एकेक कडी वर घेता येते.

तुळस नवीन आणाल त्या दिवशी शेंड्याच्या पहिल्या दोन पानांच्या खाली एक रंगीत दोरा सैल बांधा. तीन आठवड्यांनी बघा. दोऱ्याच्या खालचं सगळं नर्सरीतल्या उन्हात वाढलेलं, वरचं तुमच्या दिव्याखाली. वरची पेरं खालच्याइतकीच आखूड आणि पानं तेवढीच गडद असतील तर काहीच बदलू नका. पेरं लांबलेली असतील तर पट्ट्या चार बोटं खाली घ्या, आणि दोरा पुन्हा नव्या शेंड्याखाली बांधा.